धनेशाने पुकारलेले नाव

एका राज्यात काहीही नवे जन्मले की आधी नामद्वारी न्यावे लागे. मग ते तान्हे मूल असो की नव्या विहिरीचे घागरभर पाणी. द्वारावर धनेश पक्षी बसे. आणणाऱ्याने मनातले नाव त्याच्या कानी सांगावे. नाव मोकळे असेल तर पक्षी बहुधा तेच ठेवी, नसेल तर स्वतःच्या मनाने दुसरे देई आणि मोठ्याने पुकारी. त्या नावाने हाक मारली की ते माणूस, ती वस्तू डोंगरापल्याडूनही ओ देई. नियम कडक एकच. जे गेले, त्याचे नाव पुन्हा कुणाला नाही.

तिथल्या राजा हेमांगदाची लेक चित्रांगी डोहात बुडाली. पुढे दुसरी लेक झाली. राणी मंदारवतीने तिला द्वारी नेले आणि पक्ष्याच्या कानी सांगितले, "चित्रांगी."

"ते नाव दिलेले आहे, राणी."

"पण ती गेली!"

"म्हणूनच."

राजा खवळला. पक्ष्याचे ऐकेल तर तो राजा कसला! त्याने दरबारी मांत्रिकाकडून परस्पर तेच नाव ठेवविले. धनेश काळ्या कड्यावर उडून गेला आणि शाप लागला.

राणी हाक मारी, ती हाक थेट डोहात जाई. तिथे बुडबुडे उठत. पुढ्यातल्या पोरीला मात्र ती हाक ऐकू येत नसे. ती दिवसेंदिवस विरळ होत गेली, इतकी की तिच्यातून भिंत दिसू लागली. मांत्रिकाने राजवाडाभर राख फुंकली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

"हट्ट माझा होता, निस्तरीनही मीच," राणी म्हणाली. लेकीला कडेवर घेऊन ती काळ्या कड्यावर चढली. धनेश तिथेच बसला होता.

"तीन कामे कर," तो म्हणाला. "कातळातून पाणी काढ."

राणीची नखे तुटली, पण झरा फुटला. "याला निर्मळा म्हणावे," ती म्हणाली.

"त्या नावाचा झरा आहे. ही कातळनिर्मळा."

राणीने मान तुकवली. दुसरे काम, गवताची चटई विणणे, आणि नाव सुचवायचे नाही. तिने विणली. धनेशाने पुकारले, "ओबडधोबडी!" राणीने ओठ चावला, पण ते नावही घेतले.

"आता डोहावर चल. ज्याचे नाव त्याला परत दे."

हे काम सर्वांत जड. राणी काठावर उभी राहिली, रडली, आणि मग ठामपणे म्हणाली, "चित्रांगी, बाळ, नाव तुझेच. तुझ्या बहिणीलाही देणार नाही." बुडबुडे थांबले. पाणी शांत झाले.

"आता धाकटीसाठी सुचव," धनेश म्हणाला.

"नाही. तूच ठेव."

"सोनवेली!" पक्ष्याने पुकारले.

पोर दूर वाळूत खेळत होती. राणीने हाक मारली, "सोनवेली!" पोरीने जन्मात पहिल्यांदा हाकेला मान वळवली. तिच्या अंगाला रंग चढला, वाळूवर सावली पडली.

"आई, मला बोलावलंस?"

"तुलाच गं, तुलाच."

राजाने मांत्रिकाला सीमेपार धाडले. धनेश नामद्वारी परतला आणि नव्या तलावाची घागर घेऊन राजाही मुकाट रांगेत उभा राहिला. राणी मात्र दिवसभर काही काम नसताना हाका मारीत राहिली, आणि पोर प्रत्येक हाकेला धावत आली.