शेवटचा पेला

"…आणि हे तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलंत?"

हनोखनं विचारलं. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीच्या दुसऱ्या वर्षाला होता तो. बोलायला शिकला होता, ऐकायचं राहिलं होतं.

सायमनआबा ख्रिस्ती देवळाच्या दाराबाहेर, प्रभुभोजनाचा द्राक्षरस घ्यायच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभे होते. चौतीस वर्षं ते इथले पाळक. झगा आता दुसऱ्याच्या अंगावर.

कारण साधं. ठेकेदार मैल्याच्या टाकीत माणसं उतरवत होता. आबा जाऊन टाकीच्या झाकणावर बसले. तीन दिवस. मशीन आलं तेव्हा उठले.

ठेकेदार देवळाच्या मंडळीचाच पंच. कडक इस्त्री, पुढचा बाक. पंचांनी बैठक घेतली आणि आबांचं व्यासपीठ काढून घेतलं. बैठकीआधी प्रार्थना करायला मात्र विसरले नाहीत.

मग टाकीत उतरणाऱ्यांपैकी सात जणांनी बाप्तिस्मा घेतला. पंचांनी लगेच ठराव केला. पेला एकच, तेव्हा टाकीवाल्यांनी सगळ्यांच्या शेवटी प्यावं. आरोग्यासाठी.

त्याच रविवारी आबा टाकीवाल्यांच्याही मागे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून तिथंच.

"बिशपांकडे जाऊ, आबा. मी अर्ज लिहितो."

"लिही. सही करतो."

"आणि तोवर इथंच उभे राहणार?"

"हो."

"हा अपमान आहे."

"कुणाचा?"



आबांच्या पुढे टाकीवाला जगन होता. त्यानं मान वळवली. "तुम्ही पुढं व्हा की, आबा. आमचं उष्टं प्यावं लागतंय तुम्हाला."

"प्रभूनं दिला त्या पहिल्या रात्रीच बारा शिष्यांनी उष्टावलाय हा पेला. तू काय नवीन करणार?"

जगन हसला. आबाही हसले, अगदी पोटातून. ह्या म्हाताऱ्याला इथं खरंच बरं वाटतंय, हेच हनोखला सहन होईना.

"ह्या पंचांच्या आज्यांच्या ओंजळीत लोक विटाळ नको म्हणून वरून पाणी ओतायचे. विसरले हे?"

"तुझ्या आज्याच्याही ओतायचे."

"मी कुठं विसरलोय?"



आतून ठेकेदारानं हाक मारली, "हनोख, बाहेर काय करतोयस? ये, पुढं ये बेटा."

हनोखचं शिफारसपत्र पंचांकडे होतं. आज उपासनेनंतर सह्या व्हायच्या होत्या. त्या झाल्या नाहीत तर दीक्षा नाही. पाळक होणं संपलं.

हनोखचा आवाज खाली आला. "आत्ता आत जातो, आबा. पत्र घेतो. पाळक झालो की पहिला हाच ठराव मोडतो. चालेल ना?"

"मीही पाळक होतो."

"मग?"

"चौतीस वर्षं मी पहिला प्यायलो."

रांग सरकली. आबा एक पाऊल पुढे गेले. हनोख दारात उभा, एक पाय उंबऱ्याच्या आत.

"आबा… सांगा ना काहीतरी."

आबांनी वळूनही पाहिलं नाही.

"सावकाश ठरव. माझ्या मागची जागा कुणी पळवत नाही."