आप्पांचा अडकित्ता

आप्पा तारळेकर पेटीवर बसले की आधी अडकित्ता वाजवायचे. एकदाच, कट्! त्यासरशी भजनी मंडळाचा टाळ, तबला आणि गळा एकदम उठायचा. आप्पा गेले, आणि मागे उरलं घरीच केलेलं एक रेकॉर्डिंग. चौघांपुढे चार मोबाइल ठेवून केलेलं.

लेक कुमुदने चारही फायली मिक्सिंगसाठी कोल्हापूरच्या बड्या स्टुडिओत नेल्या. साउंड इंजिनिअर विश्वंभररावांनी हेडफोन काढून टेबलावर टाकला. "बाई, हे घरगुती प्रकरण! चारही मोबाइल वेगवेगळ्या वेळी सुरू केलेत. ब्रह्मदेव आला तरी हे जुळायचं नाही. त्यात प्रत्येक फायलीत ही अडकित्त्याची कटकट! ती आधी काढून आणा, मग बघू."

"काढते की," कुमुद म्हणाली, "पण त्याआधी चारही कटकटी एका रेषेत ठेवून बघा."

त्यांनी तोंड वाकडं करत ठेवल्या. पेटी, टाळ, तबला, गळा, सगळं एकजीव वाजू लागलं.

"आप्पांनी चाळीस वर्षं मंडळ असंच जुळवलं," ती म्हणाली. "आता सांगा, काय काढू?"

विश्वंभररावांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. गावात ते रेकॉर्डिंग लागलं, की पहिल्या 'कट्'ला म्हातारे टाळकरी अजून मांडी सावरून बसतात.