सरकलेला पडदा

एका राज्यात... आधी बसा बरं नीट, बसायला मिळणं हे काय कमी सुख आहे? तर एका राज्यात धीरसेन नावाचा राजा होता. त्याला शिस्तीचा भारी सोस. तंतुनाथ नावाच्या मांत्रिक कारागिराने त्याला सतार करून दिली. दांडीवरचे पितळी पडदे दोऱ्याने बांधलेले पाहून राजा खवळला.

"हे हलतात!"

"हलायलाच हवेत, महाराज. दर रागाचा गंधार निराळा. शिवाय लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं."

"माझ्या राज्यात कुणी जागचं हलायचं नाही. ठोका खिळे!"

खिळे ठोकले. सतार विव्हळली. तंतुनाथ म्हणाला, "मग जागेवर कुणी थांबणारही नाही! घोडी घासाल, खुंटीला खडू लावाल, पडदा सरकवाल, गंधार खरा लागेल, तेव्हाच हे राज्य टेकेल." आणि साळुंकीचा पिंजरा मागे ठेवून तो धूर होऊन गेला.

त्या घटकेपासून सारे राज्य चालू लागले. जेवणे चालता चालता, झोप चालता चालता. राजाची सहा वर्षांची चित्रलेखा रडकुंडीला आली. "बाबा, मला बसवा ना!" कडेवर घेतली तरी तिचे पाय तिला खाली ओढत. आठव्या दिवशी राजवैद्याने चालत चालत नाडी पाहिली आणि मान हलवली. "आज मावळतीपर्यंत टेकली नाही, तर पोर हाती लागायची नाही."

राजाच्या काळजाचे पाणी झाले. प्रधानाने पागेतली घोडी न् घोडी घासली. भिंतीतल्या खुंट्यांना खडू फासला, सरदारांची पागोटी पांढरी झाली. महालाचे पडदे शंभरदा सरकवले. काही होईना!

साळुंकी खो खो हसली. "अगं बाई! राजे, घोडी पागेत शोधता? तारा जिच्यावर टेकतात ती सतारीची घोडी! खुंटी तार पिळायची. आणि पडदा तर तुम्हीच ठोकून ठेवलाय."

राजा ओशाळला. त्याने येरझाऱ्या घालतच घोडी घासली, खुंट्यांना खडू लावला. एकोणीस पडद्यांचे खिळे स्वतः उपटले, बोटे रक्ताळली. दोऱ्याने पडदे बांधून तार छेडली. गंधार खोटा! सूर्य डोंगराला लागलेला.

"बाबा," चित्रलेखा अडखळत म्हणाली, "अजून थोडा खाली."

जन्मात पहिल्यांदा राजाने कान दिला. पडदा केसभर सरकवला. गंधार लागला.

चित्रलेखा मटकन पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. सारे राज्य जिथल्या तिथे बसले, कुणी चिखलात, कुणी शेणात, प्रधान तर सासूबाईंच्या पापडांवर. राजा लेकीशेजारी बसून हमसून हमसून रडला.

तेवढ्यात तंतुनाथ समोर उभा. राजाने हात जोडले.

"महाराज," तंतुनाथ म्हणाला, "पायरी अरुंद आहे. जरा सरका."

राजा सरकला. गंधार लागला, कहाणी टेकली.