चार ते बारा

“पण खरा आकडा या दोन टोकांच्या आत आहे ना, बाबा? एवढंच मला कुणीतरी सांगा!”

डॉक्टर नेवाळकर धक्क्याच्या पायरीवर कागद घट्ट धरून उभा होता. यासीनबाबा धक्क्यालगतच्या दर्ग्याच्या भिंतीला टेकून, कमरेपासून खाली चादर ओढून बसले होते. मी शेजारी माझी पाग शिवत होतो. पाग म्हणजे आमचं फेकायचं गोल जाळं.

“काय लिहिलंय त्यात?” बाबांनी विचारलं.

“दोनशे माणसांची बोटं टोचली. सोळा जणांच्या रक्तात हत्तीरोग निघाला. म्हणजे शंभरात आठ. पण बंदरात माणसं चार हजार. त्या सगळ्यांबद्दल बोलायचं तर शंभरात चार ते बारा, यांच्या मध्ये कुठंतरी.”

“मग?”

“शंभरात पाचाच्या वर असतील तर सगळ्या बंदराला गोळ्या द्यायच्या. खाली असतील तर वर्षभर थांबून पुन्हा तपासायचं. चार वाजता सभा आहे, बाबा. मला काहीतरी एक सांगावंच लागेल.”

डॉक्टर हुशार होता, आणि भेटेल त्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्थाही तो करत असे. संख्याशास्त्रातलं त्याचं सुवर्णपदक सगळ्या बंदराला तोंडपाठ होतं. त्या दिवशी मात्र पदकाचा विषय निघाला नाही. घाम पुसून पुसून त्याचा रुमाल चिंब झाला होता. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू.

“खात्री किती?” बाबा म्हणाले.

“पंच्याण्णव टक्के.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “सुलेमान, समोरचा तो बुडालेला दगड ठाऊक आहे ना? टाक त्याच्यावर पाग.”

मी मनातून चरफडलो. तासभर बसून शिवलेली पाग कोण दगडावर टाकतो? पण बाबांना नाही कोण म्हणणार. भरतीचं पाणी गढूळ होतं, दगड दिसत नव्हता. मी अंदाजानं फेकली. पाग उघडली, पाण्यावर पडली, बुडाली.

“आला दगड आत?”

“आला असेल, बाबा. शंभरदा टाकली तर पंच्याण्णवदा येतो.” मी जरा फुशारकीनंच म्हणालो.

“डॉक्टर, आता तू सांग. दगड आत आहे?”

“पंच्याण्णव टक्के...” डॉक्टर बोलता बोलता थांबला.

“दगड हलतो?”

“नाही.”

“पाग पडली?”

“पडली.”

“मग?”

“मग... आत आहे. नाहीतर नाही.”

“तर ते पंच्याण्णव कुणाचे?”

डॉक्टरनं माझ्या हातांकडे पाहिलं.

“या हातांचे,” तो हळूच म्हणाला. “या फेकीचे नाहीत.”

आणि एकदम पुढे होऊन त्यानं माझ्या हातातली दोरी धरली. “ओढा ना! अडकली तर कळेलच की!”

“सोड,” बाबा म्हणाले. “तुला ओढून बघायची असेल तर चार हजार बोटं टोच. चार वाजायच्या आत.”

त्यानं दोरी सोडली.

“मग पाग मोठी करतो,” तो म्हणाला. “एक ते वीस म्हणतो. म्हणजे आकडा आत येईलच.”

“खाडीएवढी कर. दगड आत येणारच... सभेत काय सांगशील?”

डॉक्टर पायरीवर बसला. आता तो बोलायला लागला तो माझ्यासमोर, आणि एरवी माझ्यासमोर तो हवापाण्याखेरीज काही बोलत नसे.

“चूक निघाली तर, बाबा? खरे चारच असले तर? गोळ्यांनी काहींना ताप येतो, उलट्या होतात. लोक म्हणतील, उगाच आम्हाला छळलं. पुन्हा कुणी माझ्या हातून गोळी घेणार नाही. थांबलं तर निदान... निदान मला कुणी नावं तरी ठेवणार नाही.”



...

पलीकडच्या काठावरून फेरीबोटीचा भोंगा वाजला. साडेतीन वाजले होते.

“तीस वर्षांपूर्वी असाच एक डॉक्टर आला होता,” बाबा म्हणाले. “तुझ्यासारखाच हुशार. त्यानंही दोनशे बोटं टोचली. त्या दोनशेंच्या चिठ्ठ्यांत माझं नाव निघालं नव्हतं. त्याचीही पाग अशीच पडली, चार ते बारा. माणूस भला होता. म्हणाला, वर्षभर थांबू. आम्ही गोळ्यांविना थांबलो.”

आठ दिवस डॉक्टर रोज दर्ग्यावर येत होता. बाबांना उभं राहिलेलं त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि का ते विचारलंही नव्हतं.

बाबांनी चादर बाजूला केली.

उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता. कातडी काळी, जाड, भेगाळलेली. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि डॉक्टरसमोर पायरीवर ठेवला.



“हिशोब कर, बाळा,” बाबा म्हणाले. “मी चारातला, की बारातला?”