सोळा पत्री आणि गडाचा पाळणा

भैरवकड्यावर जायला पायवाटच नव्हती. खाली उभं राहून परवलीचा शब्द ओरडायचा, मग पहारेकरी दौलू नाईक दोराला बांधलेला पाळणा सोडायचा. शब्द साऱ्या दरीला ऐकू जाई. एकदा तो ऐकून शत्रूचा हेरच वर येऊन गेला!

राजा रत्नसेन संतापला. "दौलू, आठ दिवसांत अशी खूण शोध, की साऱ्या दरीने ऐकली तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या कामी येणार नाही. नाहीतर बिऱ्हाड घेऊन गड उतर."

प्रधान म्हणाले, "अंगठी दाखवावी."

"एवढ्या उंचावरून दिसायची कशी?" दौलूने विचारलं.

"मग रोज शब्द बदल."

"बाहेरगावी गेलेल्यांना नवा शब्द कोण सांगणार?"

दौलू तोंड पाडून घरी आला. बायको, भिवरा, मंगळागौरीची पत्री निवडत होती.

"गड सुटायची वेळ आली, आणि तुला पूजा सुचतेय?"

"तिथेच सुचतंय, अहो. सोळा पत्री मी ठरलेल्या क्रमानेच वाहते. सातवी कुठली, विचारा बघू."

"कुठली?"

"आघाडा. आता हे शेजारणीने ऐकलं, तरी बारावी तिला कळली का?"

दौलू सावरून बसला. "पण कुणाचा नेम लागला तर?"

"म्हणून दोन विचारायच्या. एकदा विचारलेल्या पुन्हा नाहीत. उतरणाऱ्याने क्रम पाठ करून जायचं. सगळे परतले की मी नवा क्रम लावीन."

राजाने ऐकलं आणि मिशीवर हात फिरवला. "मी स्वतः वर येऊन दाखवतो. आलो, तर तुमचा मुक्काम हलला."

घोंगडी पांघरून, मोळीवाल्यांत मिसळून तो क्रम न शिकताच गुपचूप उतरला. दोन दिवस झाडामागे बसून त्याने कान टवकारले. तिसऱ्या दिवशी पाळण्याखाली उभा राहिला.

वरून दौलू ओरडला, "पाचवी आणि बारावी?"

"आघाडा, बेल!"

"त्या पत्री काल झाल्या. माघारी फिरा."

"अरे, मी महाराज आहे!"

"परवाचा गुराखीही हेच म्हणाला."

दुपार कलली. राजाला कडकडून भूक लागली. शेवटी तो ओरडला, "हरलो रे बाबा! आता तरी वर घे."

"ओळख पटल्याशिवाय नाही."

तेव्हा भिवराच पाळण्यात बसून खाली आली. चेहरा पाहून तिने पदर सावरला, नमस्कार केला आणि राजाच्या कानात पाचवी आणि बारावी सांगितली.

"जाई आणि रुई!" राजाने आरोळी ठोकली. पाळणा हलला.

वर पाऊल ठेवताच तो म्हणाला, "फसलात की! तुझ्या दोन पत्री मला कळल्या."

"त्या आत्ताच संपल्या, महाराज."

राजा पोट धरधरून हसला. दौलूला त्याने गडाची नाईकी वंशपरंपरा दिली, आणि भिवराच्या गौरीला सोन्याची सोळा पानं.