जानू मेस्त्रीचा मागचा हात

त्या दिवशी वारा असा पडला होता की माडाचं झापसुद्धा हलत नव्हतं. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत, आभाळ तांब्याच्या रंगाचं, आणि कावळे उडायचं सोडून कौलांवर चोची उघड्या टाकून बसलेले. दिवस खंडेनवमीचा. भाटवेळ गावात घरोघरी कोयते, करवती, वल्ही धुऊन पुसून पाटावर मांडली होती. आज गावात ज्यांचे केस पिकलेत ते तेव्हा पाळण्यातही नव्हते, इतकी जुनी ही गोष्ट. मोठ्यांनी सांगितली तशीच सांगतो.

भाटवेळात तेव्हा जानू मेस्त्री राहायचा. जातीचा सुतार. तरुणपणी बोटीवर सुतारकामाला होता, आणि तिथं बिनतारी खोलीच्या दारापाशी रंधा मारता मारता त्याला त्या यंत्राचा नाद लागला. बोट सुटली, नाद सुटला नाही. गावी येताना लोकांनी सोनं आणलं, कापडचोपड आणलं. यानं कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह आणले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद बाटली, आत तार तापून लाल होते, आणि तिच्या जोरावर रेडिओ बोलतो. आताच्या रेडिओत ते नसतात. तेव्हा त्यांच्यावाचून चालत नसे.

जानूनं सरकारी परीक्षा दिली, नापास झाला, परत दिली, परत नापास झाला, पण शेवटी परवाना मिळवला. मग तो घरात बसून दूरदूरच्या माणसांशी बोलू लागला. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. तारही नाही, टपालही नाही. ओळख ना देख, हौसेनं हाक मारायची आणि हौसेनं ओ द्यायची.

असं म्हणतात की बिघडलेलं यंत्र जानूकडं आणलं की तो आधी त्याचा वास घ्यायचा. मग व्हॉल्व्हला नखानं हलकी टिचकी मारायचा आणि कान लावायचा. वैद्य नाडी बघतो तसं. आणि काम करताना त्याचा डावा हात कायम पाठीमागे. उजवा यंत्रात, डावा कमरेवर, अशा थाटात तो उभा असायचा. लोक हसायचे. तो सांगायचा, "बाबांनो, वीज एका हातानं शिरली तर चटका देते. दोन्ही हात लागले तर या हातातून त्या हातात काळजातून वाट काढते. मला तिला वाट द्यायची नाही." बंद केलेल्या यंत्रातही वीज साठून राहते, म्हणून त्यालाही तो लगेच हात लावत नसे. लाकडी काठीला तार बांधली होती, ती आत टेकवायचा, 'फट्' असा आवाज यायचा, आणि मग म्हणायचा, "उतरला राग."

त्याच्या शेजारी आवडाकाकी राहायची. तिला एकच मुलगा, पुनाजी, मासळीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. काकी जिभेची तिखट. "जानू, साऱ्या जगाशी बोलतोस, शेजारणीला काय बोलायला तोंड दुखतं रे?" असं ती कुंपणावरून विचारायची. जानू म्हणायचा, "काकी, जग मधेच गप्प बसतं. तू बसत नाहीस."

जानूचा छोटा सेट बोलायचा, पण आवाज बारीक. हवा खराब झाली की खरखरीत हरवून जायचा. म्हणून त्यानं अँप्लिफायर करायला घेतला. आवाजाला छाती देणारं यंत्र. गाव त्याला मोठा डबा म्हणायचं. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून त्यानं त्याची पेटी केली. तांब्याची तार मेणकागदाच्या घड्यांवर हातानं गुंडाळली, एकेक वेढा जुळवून, घाई न करता. एक वेढा चुकला तर सगळं सोडायचा आणि पहिल्यापासून गुंडाळायचा. आत बसवायला दोन मोठे व्हॉल्व्ह होते, दुधाच्या बाटलीएवढे, भंगारात निघालेल्या बोटीवरचे. तसे दुसरे मिळायचे नव्हते. कितीतरी पावसाळे त्या डब्यात गेले.

तो डबा पुरा झाला आणि खंडेनवमी आली. सकाळी जानूनं तो चालवून बघितला. मोठे व्हॉल्व्ह जास्वंदीसारखे लाल झाले आणि एका बेटावरचा म्हातारा हौशी गडी इतका स्वच्छ बोलला की जणू पडवीत बसलाय. जानूनं यंत्र बंद केलं, काठी टेकवून राग उतरवला आणि हात धुवायला मागं विहिरीवर गेला.

एवढ्यात आवडाकाकी नारळ घेऊन आली. पुनाजीचा मचवा दोन दिवसांपूर्वी मासळीला बाहेर गेला होता. तिनं बघितलं, मेस्त्रीनं सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलंय, आणि नव्या यंत्राला काहीच नाही. तिला वाईट वाटलं. तिनं पेटीसमोर हात जोडले, उंबऱ्यावर नारळ फोडला, आणि वल्ह्यावर शिंपडतात तसं नारळाचं पाणी मायेनं त्या यंत्रावर शिंपडलं.

काच अजून तापलेलीच होती. टक् झालं. आणि परत टक्.

जानू ओले हात पुसत आला. दोन्ही व्हॉल्व्ह तडकलेले. काकी हसत उभी.

"तुझ्या डब्याची पूजा केली रे. माझा पुनाजी बाहेर आहे, त्याच्यावर लक्ष ठेव म्हटलं त्याला. कसला आवाज झाला तो?"

जानूनं तिच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "थंड होतंय ते, काकी. नारळ बाकी चांगला निघाला." आणि त्यानं सवयीनं डावा हात पाठीमागे ठेवून उजवा पुढं केला.

"प्रसाद एका हातानं घेतोस? देव काय शॉक देणार आहे तुला?" काकी म्हणाली आणि खोबऱ्याची कवड त्याच्या हातावर ठेवून गेली.

ज्या बाईचं पोर समुद्रात आहे तिला काय सांगायचं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ती कवड खाल्ली नाही. 

दुपार कलली आणि वारा उठला. असा उठला की माडांनी जमिनीला डोकी टेकली. तारायंत्राचे खांब आडवे झाले, खाडी ओलांडायचा साकव वाहून गेला, गावातली वीज गेली. वादळ ओसरलं तेव्हा बाकीचे मचवे कुठं कुठं आडोशाला लागून परत आले. पुनाजीचा आला नाही. जुन्या तांडेलांनी वाळूत काठीनं रेघा मारल्या. वारा असा होता, पाण्याची ओढ अशी होती, मग मचवा वाहत वाहत अमक्या बाजूला गेला असणार. कुठं शोधायचं ते गावाला ठाऊक होतं. पण सांगायचं कुणाला? तार नाही, रस्ता नाही, आणि त्या बाजूनं जाणारी मोठी जहाजं भाटवेळ नावाचं गाव आहे हेसुद्धा जाणत नव्हती. आणि मचव्यावर पाणी किती उरलं असेल, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

जानूनं छोटा सेट उचलून भाताच्या गिरणीत नेला. गिरणीला तेलाचं इंजिन होतं, त्यावर वीज व्हायची. तो हाका मारत राहिला. वादळानंतरची हवा नुसती खरखरत होती. कुणी ओ दिली नाही.

आवडाकाकी दारात येऊन उभी राहिली. "तो मोठा डबा का नाही लावत?"

"चालत नाही तो, काकी."

"नवमीला तर चालत होता. मी ऐकलं ना माझ्या पडवीतून."

जानूनं मान खाली घालून परत हाक मारायला घेतली. काकी तडक त्याच्या घरी गेली. पेटीत डोकावली. तडकलेल्या काचा बघितल्या, त्यांच्यावर वाळलेले नारळपाण्याचे पांढरे डाग बघितले. तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. ती तिथंच भुईवर बसली. जानू मागोमाग येऊन उंबऱ्यावर थांबला.

"सांगितलं का नाहीस रे?" ती म्हणाली.

"मायेनं केलंस तू."

काकी उठली, आपल्या घरी गेली आणि पदराखाली रेडिओ घेऊन आली. पुनाजीनं पहिल्या मोठ्या मासळीला आईसाठी घेतलेला. त्यावर ती रोज भजनं ऐकायची. तो तिनं जानूपुढं ठेवला. "यात आहेत ना तुझ्या बाटल्या? काढ."

"लहान आहेत गो, काकी. एकट्यादुकट्याचं काम नाही ते."

"मग एकटादुकटा कशाला?" काकी म्हणाली आणि बाहेर पडली.

ती दारोदार गेली. भाटवेळात तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ, तो घरात देवासारखा. त्यावर विणलेला रुमाल, बाजूला फुलदाणी. पण लोकांनी रुमाल काढले आणि रेडिओ उचलले. खोताच्या घरचा आला, शिंप्याचा आला, वाण्याचा आला. देवळातला भजनाचा लाउडस्पीकरचा डबाही आला. एक म्हातारे कुरकुरले, "अगो, मग बातम्या कशावर ऐकायच्या?" काकी म्हणाली, "गावची बातमी समुद्रात आहे, आजोबा. कसल्या ऐकताय दुसऱ्या?" आजोबांनी स्वतः रेडिओ खांद्यावर घेतला.

जानू कामाला बसला. उजवा हात यंत्रात, डावा पाठीमागे. एकेक व्हॉल्व्ह काढायचा, टिचकी मारायचा, कान लावायचा. दमलेला बाजूला, दमदार पुढं. मोठ्या दोघांच्या जागी त्यानं त्या लहानांची रांग लावली, जोताला बैल जुंपावे तशी, म्हणजे ओझं सगळ्यांनी मिळून ओढावं. किती होते ते कुणी मोजलं नाही. कुणी वीस सांगतं, कुणी पन्नास. त्याला घास घ्यायलाही हात मोकळा नव्हता, म्हणून आवडाकाकीनं पेजेचा पेला त्याच्या तोंडाला लावला.

दिवस मावळायला आला तेव्हा डबा उचलून गिरणीत नेला आणि तिथलं इंजिन धडधडलं. रांगेतले व्हॉल्व्ह एकेक करून पेटले, दिवाळीच्या पणत्यांसारखे, आणि मग त्यांच्या पोटात निळा उजेड फिरू लागला. जानूनं हाक मारली. असं म्हणतात की ती हाक भाटवेळातल्या पितळी भांड्यांनी ऐकली आणि ती फळीवर वाजू लागली. खुंट्यांवरच्या कंदिलांच्या काचा थरथरल्या. असंही म्हणतात की हाक पृथ्वीला वळसा घालून आली, आणि जानूला आपलाच आवाज पाठीमागून ऐकू आला.

पण लहान व्हॉल्व्ह ते. इतकं ओझं त्यांनी कधी ओढलं नव्हतं. एक फुटला. लोक म्हणाले, शिंप्याचा गेला. मग वाण्याचा गेला. जानू बोलतच राहिला, मचवा कसला, माणसं कोण, वारा कुठला, ओढ कुठली. रांग विझत विझत आली, आणि तेव्हा कुठं त्या बेटावरच्या म्हाताऱ्या गड्याची ओ आली. तीही बारीक आवाजात. त्यानं तांडेलांच्या रेघांचा सगळा हिशेब लिहून घेतला आणि म्हणाला, परत एकदा सांग, मी जहाजांना कळवतो. जानूनं परत सांगायला सुरुवात केली तेव्हा एकच व्हॉल्व्ह जळत होता. तो आवडाकाकीच्या रेडिओतला. शेवटचा शब्द समुद्रापार गेला आणि मग तोही विझला.

गावात मग रेडिओ नव्हता. भाटवेळ इतकं शांत कधी झालं नव्हतं. लोक पडव्यांत बसून समुद्राकडं बघायचे. आवडाकाकी कुंपणापाशी यायची, पण टोमणा मारायची नाही, आणि जानूला तेच सगळ्यात जड जायचं.

आणि एका सकाळी खाडीपलीकडं एक मालमोटार थांबली. साकव नव्हता, म्हणून माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आली. पुढं पुनाजी होता. एका परदेशी जहाजानं वाट वाकडी करून त्यांना उचललं होतं आणि पुढच्या बंदरात उतरवलं होतं. कप्तानानं पुनाजीला विचारलं म्हणे, तुमचं ते भाटवेळ केवढं शहर आहे, एवढा मोठा आवाज आहे त्याचा.

जानू मेस्त्री पुढं पुष्कळ जगला. त्यानं गावातला एकेक रेडिओ परत बोलता केला, कुठून कुठून व्हॉल्व्ह मागवून, आणि सगळ्यात आधी काकीचा.

आजही भाटवेळात खंडेनवमीला नारळ यंत्रावर फोडत नाहीत. बाहेर पायरीच्या दगडावर फोडतात. पूजेच्या वेळी घराघरांतले टीव्ही, मोबाइल थोडा वेळ गप्प ठेवतात. विजेच्या कामाला कुणीही बसो, डावा हात आधी पाठीमागे जातो, आणि त्याला अजून मेस्त्रीचा हात म्हणतात. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई एक अख्खा नारळ घेऊन गावच्या दुरुस्तीवाल्याच्या दारात जाते. तो पंपवाला असो, पंखेवाला असो, मोबाइलवाला असो. तो मुद्दाम एकच हात पुढं करतो. आणि ती त्याला तेच म्हणते जे पुनाजी घरी आला त्या सकाळी, ओल्या पदरानं, नारळ घेऊन दारात उभी राहिलेली आवडाकाकी जानूला म्हणाली होती:

"तो मागचा हात पुढं आण आता, जानू. हा दोन्ही हातांनी घे."