सोन्याचं उलथनं आणि समुद्राची खरवड

एका राज्यात भिवरा नावाची बाई होती, आणि तिचं म्हणणं कुणी खरं मानत नव्हतं. सांगून सांगून तिच्या तोंडाला कोरड पडली. लोक म्हणत, "भिवराबाईचं डोकं थंडीनं फिरलंय."

ते राज्य पृथ्वीच्या टोकाला, गोठलेल्या समुद्रावर वसलेलं. अर्धं वर्ष दिवस, अर्धं वर्ष रात्र. बर्फ वरून चांदीसारखा. खाली पोटाला मात्र तपकिरी, बुळबुळीत थर. लोक त्याला मळ म्हणत. सूर्य परतायच्या आधी बर्फाला न्हाऊ घालायची तिथे रीत होती. भोकं पाडायची, हाताला लागेल तेवढा मळ खरवडायचा आणि घरी जाऊन गरम कालवण ओरपायचं. हाताला लागून लागणार किती? समुद्राचं काही बिघडत नसे.

पण राजाला एक डाग खपेना. त्यानं स्फटिकनाथ जादूगाराकडून सोन्याचं उलथनं मागून घेतलं. पाण्यात सोडलं की ते आपलं आपण खरवडत सुटे. ना थके, ना थांबे. बर्फ आरशासारखा लख्ख झाला. राजा खूश झाला. आणि समुद्र रिकामा झाला.

जाळ्यात नुसतं पाणी येऊ लागलं. भिवराच्या लेकीचं, गोजीचं, दूध आटलं. तिच्या मांडीवरची तान्ही आधी रडायची, मग रडायचीही थांबली. तेव्हा भिवरा उठली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, उलथनं थांबवा. तो मळ नव्हे, अन्न आहे."

"मळ कोण खातं, बाई?"

"भांड्याच्या बुडाची खरवड लेकरं खातात ना? ही समुद्राची खरवड."

दरबार खो खो हसला. राजा म्हणाला, "तीन साक्षीदार आण. नाही आणलेस तर राज्याबाहेर."

"आणते. तोवर हसून घ्या. उपाशीपोटी हसायलाही बळ लागतं."

वाटेत तिला सुरय पक्षी भेटला. तो म्हणाला, "पृथ्वीची दोन्ही टोकं मी दरसाल पाहतो. वाट दाखवतो."

"तू उडणार, मी काय करू? चालत चल."

पक्षी चालू लागला.

भेगेतून देवमासा वर आला. त्याच्या बरगड्या मोजाव्यात इतक्या दिसत होत्या.

"साक्ष देतोस?"

"देतो. मी जवळा खातो, ती इवली कोळंबी. जवळा उरला नाही." त्यानं आपला उसासा शंखात भरून दिला.

पुढे सील भेटली. "मी मासे खाते," ती म्हणाली, "मासे जवळा खातात. जवळा उरला नाही." तिचा अश्रू ओघळताच गोठला. भिवरानं तो पदरात बांधला.

तिसरा साक्षीदार काही सापडेना. भिवराचे गुडघे गेले, पाय सुजले, पक्ष्याची नखं झिजली. अखेर एका भोकात करंगळीएवढा एकच जवळा दिसला.

"जवळ्या, तू काय खातोस?"

"तुम्ही मळ म्हणता ते. उजेड पिऊन वाढणारे इवले इवले जीव आहेत ते. बर्फाचं पोट म्हणजे आमचं उलटं कुरण. ते कुणी तरी खरवडून नेलं."

"दरबारात हेच सांग."

"माझं कोण ऐकणार?"

"माझं तरी कोण ऐकतंय? चल."

दरबारात तिनं शंख उपडा केला. देवमाशाच्या उसाशानं खांब हादरले. सीलचा अश्रू वितळला तसा सगळ्यांच्या तोंडात खारट चव आली. मग तिनं वाडग्यात घालून आणलेला जवळा राजापुढे धरला.

"काचेसारखं अंग आहे याचं. आत पोटाचा हिरवा ठिपका असायचा. दिसतोय?"

ठिपका नव्हता. राजाचं हसू मावळलं. "उलथनं थांबवा!"

पायाखाली खरवडणं चालूच राहिलं. खर्र, खर्र.

सिंहासनाशेजारी उभा असलेला स्फटिकनाथ शांतपणे म्हणाला, "उलथन्यावर शाप आहे. समुद्र ज्यानं उपाशी ठेवला, त्याचं नाव भर दरबारात घ्या. तेव्हाच थांबेल."

"देवमासा! खादाड कुठला," राजा ओरडला.

खर्र, खर्र.

"ही भिवरा! हिचीच दृष्ट लागली."

खर्र, खर्र.

"स्फटिकनाथ!"

खर्र, खर्र.

"मी दिलं, महाराज," जादूगार म्हणाला. "मागितलं कुणी?"

आता नाव कुणाचं घ्यायचं ते सगळ्यांना कळलं होतं, पण त्या राज्यात राजाचं नाव घ्यायची बंदी होती. मुकुट चढला त्या दिवसापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते केव्हाच मेले होते.

भिवरा मटकन खाली बसली. "मला ठाऊक असतं तर मी दारातूनच ओरडले असते. तुमचं तुम्हाला तरी आठवतंय का, महाराज?"

तेवढ्यात गोजी तान्हीला घेऊन पुढे आली. राजानं त्या गप्प लेकराकडे पाहिलं आणि मुकुट काढून ठेवला. तो बर्फावर गुडघे टेकून बसला, ओठ हलवत आठवू लागला. बऱ्याच वेळानं एक नाव त्याच्या तोंडून निघालं.

उलथनं थांबलं. तळाशी जाऊन विरघळलं.

सूर्य आला. बर्फाच्या पोटावर तपकिरी थर धरला, सावकाश. जवळा आला, मासे आले, सील आली, देवमासा आला. गोजीला दूध सुटलं आणि तान्हीनं घर डोक्यावर घेतलं. त्या गोंगाटात भिवरा घोरत पडली. फार दमली होती बाई.

आता तिथे बर्फाला न्हाऊ घालत नाहीत. सूर्य परतला की दरबार भरतो. भिवरा पुढे होऊन विचारते, "समुद्र कुणी उपाशी ठेवला होता?" आणि सिंहासनावरून राजा स्वतः उत्तर देतो, "धवलकीर्ती."